ताईनं सेव्ह केलं होतं

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

ताई माझी मोठी बहीण. आर्वीत तिची रक्त तपासायची छोटी लॅब आहे, तिथले कॉम्प्युटर मी बघतो. मला सायकल तिनं शिकवली. कॉम्प्युटरमधलं तिला फारसं कळत नाही, पण चारचौघांत "आमच्या राजूले इचारा" म्हणणारी तीच.

लॅबसाठी मी नवा सर्व्हर बसवला, जुन्या हार्ड डिस्कऐवजी सगळ्या एसएसडी लावून. एक मित्र म्हणाला, नवीन नोंदी आधी टिपून ठेवायला वेगळी छोटी ड्राइव्ह लाव, लाइट गेली तरी टिकेल अशी. मी हसलो. एसएसडी मुळातच वेगवान, वेगळी कशाला? चांगल्या एसएसडी असत्या तर माझं खरंही ठरलं असतं — पण माझ्या हलक्या होत्या. प्रत्येक सेव्हला अडखळायला लागल्या. मग मी चूक कबूल केली का? नाही. गुपचूप एक सेटिंग बंद केलं. आता माहिती डिस्कवर पोचायच्या आधीच सर्व्हर 'सेव्ह झालं' म्हणायचा. काम भराभर व्हायला लागलं. ताईनं कौतुकानं चहा पाजला.

एका दुपारी लाइट गेली, इन्व्हर्टरनंही मान टाकली. सगळं परत सुरू झालं तेव्हा रोहणा गावच्या एका म्हाताऱ्या बाईंचा रिपोर्ट गायब होता.

"म्या सेव्ह केलतं राजू," ताई म्हणाली. "झालं म्हणून आलतं पडद्यावर."

मला कळलं — तेव्हाच कळलं. तरी म्हणालो, "राह्यलं असन, ताई. घाईत होते असं."

नमुना संपलेला होता. त्या बाईंना पुन्हा हेलपाटा नको म्हणून ताई स्वतः स्कूटरनं रोहण्याला जाऊन रक्त घेऊन आली. आल्यावर तिनं नळीवरचं नाव दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाली, "मले आईसारखं तं नाई ना होऊन राह्यलं?"

आमची आई शेवटी शेवटी आम्हा दोघांना ओळखत नव्हती. निदान तेव्हा तरी बोलायचं ना मी? मी म्हणालो, "वयानं होते थोडंफार."

दुसऱ्याच दिवशी सेटिंग पूर्ववत केलं, वेगळी ड्राइव्हही लावली. वेग वाढेल, असं तिला सांगितलं. "किती करतं रे माह्यासाठी," ती म्हणाली.

तेव्हापासून तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला तो उडालाच. प्रत्येक रिपोर्ट लॅबमधल्या वर्षा नावाच्या मुलीला पुन्हा वाचायला लावते. एकटीनं नागपूरला जाणं सोडलं. भाजीत मीठ टाकलं की नाही, तेही भाऊजींना विचारते.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "राजू, म्या लॅबचं कुलूप लावलं का? जरा पाहून येजो."

गेलो. कुलूप व्यवस्थित लावलेलं होतं. ओढूनही पाहिलं.

"लावलं आहे, ताई," मी फोनवर एवढंच म्हणालो.

"तू आहे म्हणून बरं आहे, बाबू," ती म्हणाली.