हजेरीवर नसलेल्या बाया

बाहेरून कडी लावली ती युनियनच्या सेक्रेटरीनं. मालकानं नाही, मॅनेजरनं नाही. आमच्या युनियनच्या माणसानं. 'आमच्या' म्हणायची तेव्हा सवय होती, म्हणून म्हणते.

आम्ही बत्तीस बाया. अंबडच्या कंपनीत, संडासाच्या मागं, भंगाराच्या शेडमध्ये. एप्रिल महिना. वर तापलेला पत्रा, खाली ऑइलनं चिकट झालेला लोखंडाचा चुरा. चपलेतून टोचायचा. कारण काय, तर परदेशातले पाहुणे कंपनी बघायला येणार होते. त्यांना दाखवायच्या कागदांवर आम्ही नव्हतो. कागदावर नसलेली बाई मशीनवर दिसली तर ऑर्डर जाईल. म्हणून तिला भंगारात ठेवायचं.

"खोकू नका, बोलू नका. दोन तासांचा प्रश्न आहे. सहकार्य करा," सेक्रेटरी म्हणाला आणि कडी घातली. हाच माणूस गेटवर घसा ताणून 'कामगार एकजुटीचा विजय असो' ओरडायचा. आम्हीही मागून ओरडायचो, बावळटासारख्या.

दोन तासांचे चार झाले. एकीला पाळी आली होती. एकीला लघवी दाबता येईना. फटीतून मी बघितलं, तर पाहुणे लॉनवर उभे राहून सरबत पीत होते आणि सेक्रेटरी हात बांधून त्यांच्या मागं उभा. शेवटी ती बिचारी ढिगाआड बसली. आम्ही तोंडं फिरवली. तिचा हुंदका ऐकू आला तर दुसरी तिच्यावरच खेकसली, "गप, ऐकू जाईल." त्या वासाची मला किळस नाही वाटली. मी तोंडात पदर कोंबून खोकला दाबत होते, त्याची वाटली. माझं वय तेव्हा बत्तीस. दोन लेकरांची आई.

आमची कंपनी प्रेस मशीनवर पत्रा दाबून गाड्यांचे ब्रॅकेट बनवायची. त्याच सुमारास सरकारचा थायलंडशी करार झाला होता, गाड्यांचे काही सुटे भाग तिकडून कमी जकातीत येणार म्हणून. आम्हाला करारबिरार कळत नव्हतं. रोज सकाळी मॅनेजर मशीन शॉपमध्ये येऊन म्हणायचा, "तिकडं हाच माल स्वस्तात पडतो. हात चालवा, नाहीतर टाळं." एवढं कळायचं. नोटीस बोर्डावर त्यानं तिकडच्या कंपनीचा एक फोटो लावला होता. निळे ॲप्रन घातलेल्या बाया, प्रेसवर वाकलेल्या. "नीट बघून घ्या. ह्या तुमची भाकरी पळवतायत."

मी रोज बघायची. मला त्यात चोर काही दिसेना. मानेत कळ आली की बाई मान कशी एका अंगाला टाकते, तशी एकीनं टाकली होती. वाटायचं, तिकडंही एखाद्या मेल्यानं आमचा फोटो लावून हिला हेच सांगितलं असणार.

युनियनमध्ये फक्त परमनंट. कंपनीनं त्यांना सांगितलं, ऑर्डर टिकवायची तर आम्हाला स्वस्त हात ठेवू द्या, तुम्हाला धक्का लावत नाही. त्यांनी सही करून टाकली. स्वस्त हात म्हणजे आम्ही, ठेकेदाराच्या बाया. आमच्याबद्दलच्या त्या कागदावर आमच्यातल्या एकीलाही कोणी विचारलं नाही.

ठेकेदाराची पद्धत सांगते. सात महिने भरले की ब्रेक. आठ दिवस घरी बसायचं. परत आलं की नवं कार्ड आणि नवं नाव. सलग नोकरी दिसली तर परमनंट करावं लागेल ना! नावं कुठून आणायचा ते त्यालाच ठाऊक. सोडून गेलेल्या पोरींची असतील, पाहुण्यारावळ्यांची असतील. विम्याचं कार्डही त्याच नावाचं. सात वर्षांत मी सुनंदा झाले, मंगल झाले, शोभा झाले. हजेरी घेताना आपल्या खऱ्या नावाला चुकून 'हजर' म्हणायचं नाही, ही पहिली शिकवण.

एकदा कार्ड आलं ते जोशी आडनावाचं. मी बौद्ध वस्तीतली, हे सगळ्या शॉपला माहीत. सुपरवायझर चांगला मोठ्यानं म्हणाला, "वा गं वा! जोशीण झालीस की! डबा मात्र लांबच बसून खा." परमनंट हसले. आमच्या बाया हसल्या. आणि खोटं कशाला बोलू, मीपण हसले. ते हसू माझ्या तोंडावर किती दिवस चिकटून होतं. चूळ भरली तरी जाईना.

हिरा आमच्यात नवी. पेठ तालुक्यातली, डोंगरातली. भाताची लावणी उरकली की तिकडची माणसं द्राक्षाच्या बागांत कामाला उतरतात, तशी ही उतरली आणि कुणाच्या तरी ओळखीनं कंपनीत लागली. वीस-एकवीसची असेल. चुंचाळ्यात माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. मला 'बाय' म्हणायची. कार्डावर ती मनीषा पाटील.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे प्रेस खाली येताना दोन्ही हात बाहेर राहतात. पण तसं करत बसलं तर टार्गेट होत नाही. मग एका बटणाच्या फटीत काडेपेटीची काडी खुपसायची. ते बटण दाबलेलंच राहतं. एका हातानं बटण, एका हातानं माल, काम झपाझप. सगळ्यांना माहीत होतं. कोणी शिकवा म्हणायचं नाही आणि कोणी काढा म्हणायचं नाही. हिराला ती काडी मी शिकवली. मीच. माझ्या हातानं खुपसून दाखवली आणि वर म्हणाले, "बघ, कसं सोपंय."

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी सुपरवायझरनं एकेका मशीनमधल्या काड्या टोकरून काढल्या होत्या. कानातला मळ काढावा तशा. पाहुणे गेले, कडी निघाली. आम्ही घामानं चिंब, घशाला कोरड. पाणी प्यायला वळलो तर हा म्हणतो, "पाणी मग. चार तासांचा माल भरून काढा आधी." काड्या परत बटणांत गेल्या. माझीही गेली, हिराचीही.

किंचाळी वगैरे काही ऐकू आली नाही. त्या आवाजात कुणाचं काय ऐकू येतंय? मी सहज बघितलं तर हिरा मशीनसमोर उभी राहून स्वतःच्या हाताकडं बघत होती. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती.

कंपनीच्या जीपमधून विम्याच्या दवाखान्यात नेलं. सुपरवायझर पुढं, मी मागं, हिराचं डोकं माझ्या मांडीवर. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"हिरा," ती म्हणाली. "माझा नाव हिरा."

सुपरवायझर तिच्या कानाशी वाकला. "मनीषा सांग! ए, मनीषा पाटील सांग!"

"नाय. हिरा."

किती महिने ती पोरगी मनीषा म्हटल्यावर 'हजर' म्हणत आली होती. एकदाही चुकली नव्हती. रक्त जायला लागलं तेव्हा चुकली. सुपरवायझरनं हातातलं कार्ड खिशात घातलं. खिडकीतल्या माणसाला शांतपणे म्हणाला, "मग ही आमची नाही. आत कुणाला तरी भेटायला आली होती." आणि गेला निघून. जीप घेऊन. रक्तानं भिजलेला हात पोटाशी धरून ती मला विचारते, "बाय, मी चुकले काय?" मी तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. सगळ्या रस्त्यात मला तिच्या तोंडाकडं बघवलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी माझ्या दारात. "जय भीम, ताई." सात वर्षांत 'ए' शिवाय हाक नव्हती मारली. आत आला, खाटेवर बसला, चहा प्याला. मग टाइप केलेला कागद काढला. सदर महिला आमच्या कंपनीत कामास नव्हती. ती मला भेटण्यासाठी विनापरवाना आत आली व तिने स्वतःहून मशीनला हात लावला. खाली सहीसाठी जागा. आणि तिथं माझं खरं नाव छापलेलं. आडनावासकट. कंपनीच्या कागदावर ते मी पहिल्यांदाच बघत होते.

"पहिल्या तारखेपासून तू परमनंट," तो म्हणाला. "तुझ्या स्वतःच्या नावावर. साहेबांशी बोलून आलोय. आणि जरा विचार कर, केस झाली तर ऑर्डर थायलंडला जाईल. सगळ्यांच्या चुली विझतील. तिची बोटं काही परत येणार नाहीत."

आई कोपऱ्यात बसली होती. तिनं उभा जन्म नगरपालिकेचे रस्ते झाडले, तेही बदलीवर, कायम कधीच नाही. ती हळूच म्हणाली, "कर बाई सही. एकदाचं नाव तरी लागंल."

मी पेन हातात घेतला. लपवत नाही. टोपण काढलं. मला दिसत होतं ते सगळं. पगाराची चिठ्ठी, गणवेश, पोरांच्या शाळेच्या फॉर्मवर 'आईची नोकरी' लिहायची जागा. हिरा मला दिसत नव्हती. माणूस किती पटकन आंधळं होतं, ते मी माझ्याच घरात बसून बघितलं.

माझा हात थांबलाय असं त्याला वाटलं असेल. तो पुढं सरकला, आवाज मऊ केला. "आणि हे बघ, काडी तिला तू शिकवलीस ते आम्हाला माहितीये. सही केलीस तर ते कुणाला कळणार नाही. आपली माणसं आपण सांभाळतो." आणि माझ्या मनगटावर थोपटलं.

आपली माणसं! बत्तीस बायांना भंगारात कोंडून कडी लावणारा हात होता तो. मी हात झटकला.

"उठा."

"काय?"

"खाटेवरून उठा. माझ्या घरातनं बाहेर व्हा."

"डोकं फिरलंय का तुझं? उद्यापासून गेट बंद होईल तुला."

"होऊ दे. काडी मी शिकवली, हे मी सांगीन. माझ्या तोंडानं सांगीन. कडी कुणी लावली तेही सांगीन." कागदाचे तुकडे केले आणि त्याच्या कपात टाकले, उरलेल्या चहात. आई रडायला लागली. तिला तेव्हा समजावता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गेट बंद. मी खोल्याखोल्यांतून फिरले, शेडमधल्या बाकीच्या सगळ्या जणींकडं. काहींनी दार उघडलं नाही. एकीनं तोंडावर सांगितलं, "तू मर, आम्हाला नको ओढू." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. शेवटी सरकारच्या कामगार ऑफिसच्या पायऱ्यांवर चौघी आल्या. आणि हिरा, हाताला बँडेज गुंडाळलेली.

आतला क्लार्क भला माणूस होता, पण कंपनीनं पाठवलेली यादी त्याच्या टेबलावर होती. मी सगळं सांगितलं. कडी, काडी, सात वर्षांतली सगळी नावं. माझी चूक आधी सांगितली. त्यानं पेन खाली ठेवला.

"तुमचं खरं नाव सांगा."

मी सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव. त्यानं यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, परत खालून वर.

"बाई, या नावाची कुणी बाई त्या कंपनीत नाही."

"मग तसंच लिहा," मी म्हणाले. "नाही म्हणून लिहा. सात वर्षं प्रेसवर होती आणि नाही. ही हिरा. हिची बोटं तिथं पडली आणि ही नाही. बाहेर चौघी उभ्यात, त्याही नाहीत. सगळ्यांची नावं लिहून घ्या. खरी."

"एवढ्यानं काही सिद्ध होत नाही हो."

"माहितीये. आज चौघी आहेत. उद्या पाच आणीन. नाही आल्या तर एकटी येईन. तुम्ही लिहीपर्यंत येईन. धरा पेन."