विषय : डबा एकटीने खाणेबाबत

हसणार नसाल तर सांगते. म्हणजे हसणारच आहात, मला माहितीये, पण निदान चहा संपेपर्यंत कळ काढा.

माझी ओवी यंदा पाचवीत गेली. चौथीपर्यंत ती आमच्या वर्तकनगरातल्या छोट्या शाळेत होती. चार वर्ग, चार बाई, आणि गेटवरच्या मावशींना प्रत्येक पोराच्या आजीचं नाव पाठ. ती शाळा चौथीलाच संपते, म्हणून पाचवीला घोडबंदर रोडवरची मोठी शाळा घेतली. नुसत्या पाचवीच्याच सहा तुकड्या! मधल्या सुट्टीत त्या मैदानात स्वतःची मुलगी ओळखून दाखवा, मी तुम्हाला मानेन.

पहिला आठवडाभर मी रोज विचारायचे, "डबा कोणाबरोबर खाल्लास गं?"

"खाल्ला."

"अगं, पण कोणाबरोबर?"

"आई, खाल्ला ना!"

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय होतो? मी लावला अर्थ. माझी पोरगी एवढ्या गर्दीत एकटी बसून डबा खाते आणि मला वाईट वाटेल म्हणून सांगत नाही. मी रात्री घरात विषय काढला. ओवीचे बाबा म्हणाले, "अगं, डबा रिकामा येतोय ना? मग?" या माणसाला कसली काळजीच नाही. त्याच्या वाटणीचीही मलाच करावी लागते.

मग पालकसभा झाली. त्या शाळेत मुलांशी बोलायला एक समुपदेशक आहेत, कर्णिक मॅडम. अतिशय शांत बाई. त्या म्हणाल्या, नव्या शाळेत रुळायला मुलांना वेळ लागतो, घरी आल्याआल्या त्यांची उलटतपासणी घेऊ नका. ऑफिसबाहेर पाण्याच्या कूलरशेजारी एक पेटी लावली आहे. मनातलं काही असेल तर मुलांनी चिठ्ठी लिहून त्यात टाकायची, नाव घालायचं नाही. "पेटी फक्त मुलांसाठी आहे," हे त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, असं मला आता वाटतं.

पण मी सरकारी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. बावीस वर्षं. अर्ज आल्याशिवाय काही हलत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. आणि ओवी तर अर्ज करणार नव्हती.

मग मीच केला.

तिच्या वहीचं पान फाडलं, अक्षर मुद्दाम वाकडं काढलं आणि लिहिलं :

"विषय : मधल्या सुट्टीत डबा एकटीने खाणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मी इथे पाचवीत नवीन आहे. सगळ्या जणी घोळक्याने जेवतात, हसतात, मला कोणी बोलवत नाही. मी आपली डबा उघडते, भराभर खाते आणि बंद करते. तरी उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती. आपली विश्वासू, एक लहान मुलगी."

'लहान' नंतर घातलं. संशयाला जागा नको. भाषा जरा जड झाली, कबूल आहे, पण शाळेत पत्रलेखन शिकवतातच की! दाखल्याची झेरॉक्स द्यायला शाळेत गेलेले, तेव्हा जाताजाता चिठ्ठी पेटीत टाकली.

तिसऱ्या दिवशी कार्यवाही झाली! बावीस वर्षांत इतक्या तातडीने हललेला अर्ज मी पाहिला नव्हता.

पाचवीच्या सहाही तुकड्यांना नियम आला. डबा खाताना आता चिठ्ठ्या काढायच्या, सहासहा जणांचे गट करायचे आणि महिनाभर त्याच गटात बसायचं, म्हणजे कोणी एकटं राहणार नाही. पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला की एक विद्यार्थिनी एकटी पडल्याचं समजलं आहे, आपापल्या मुलांशी प्रेमाने बोला.

मग काय विचारता! एकजात सगळ्या आयांनी गळे काढले. "ही माझीच असणार हो." "नाही नाही, माझी. ती घरी काही बोलतच नाही." एका बाबांनी मुलांना हजेरी क्रमांकाने बसवण्याची सूचना केली. दुसऱ्या एकांनी लिहिलं, "ज्यांची कोणाची मुलगी असेल त्यांनी बिनधास्त पुढे यावं, आम्ही सगळे पाठीशी आहोत." मी नुसते हात जोडलेले टाकले. संध्याकाळी शिरा केला.

ओवी आली ती दप्तर भिरकावतच.

"आई, कोणीतरी मूर्ख मुलीने पेटीत चिठ्ठी टाकली!"

"मूर्ख काय म्हणायचं गं? बिचारी एकटी पडली असेल."

"मग आमच्यात यायचं ना तिने! आम्ही चौघी रोज जिन्यावर बसायचो. माहीची आजी सुकटीची चटणी देते, काय भारी असते माहितीये? मी माझी भेंडी तिला द्यायचे आणि तिची चटणी मी खायचे."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू भेंडीवरून ओरडली असतीस! आणि आता मला गटात वेदांत आलाय. तो तोंड उघडं ठेवून खातो आणि खाताखाता पाढे विचारतो. महिनाभर!"

आणि ती रडायला लागली. शिऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगते. आठवड्याभरात पोरीने आपापलं जमवलं होतं आणि मी ते एका अर्जाने मोडलं. त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. पण ती मूर्ख मुलगी मी आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हाताला आला तो कागद ओढला आणि लिहिलं :

"विषय : पूर्वीचा अर्ज मागे घेणेबाबत. संदर्भ : माझाच अर्ज. महोदया, मला आता मैत्रिणी मिळाल्या असून माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही. सबब जिन्यावरची व्यवस्था पूर्ववत करण्यात यावी. आपली विश्वासू, तीच लहान मुलगी."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला सोडताना तो पेटीत टाकला. दुपारी फोन आला. "ओवीच्या आई, शाळा सुटायच्या वेळी जरा येऊन जाता का?"

गेले. कर्णिक मॅडमनी कागद माझ्यापुढे ठेवला. "वाचा."

मी पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचला. "किती समजूतदार मुलगी आहे हो," मी म्हटलं.

"हो ना. आता उलटा."

मी उलटला.

मागे माझाच रजेचा अर्ज होता. मुलीच्या शाळेत पालकसभा असल्याने अर्धा दिवस किरकोळ रजा मिळणेबाबत. तारीख चुकली म्हणून बाद केलेला. खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि सही. आमच्याकडे एका बाजूने कोरा राहिलेला कागद कोणी फेकत नाही हो! कच्चं लिखाण त्याच्यावरच करायचं, ही हाताची सवय. निनावी अर्ज करतानाही ती सुटली नाही.

तेवढ्यात शाळा सुटली आणि मला शोधत ओवी आत आली. तिने टेबलावरचा कागद वाचला. उलटून वाचला. परत उलटला.

"ती मूर्ख मुलगी तू आहेस?"

"हो."

मॅडमनी कपाटातून पहिली चिठ्ठी काढून तिच्यापुढे ठेवली. तीही तिने वाचली, अगदी सावकाश. मी बोलणी खायला तयार होऊन बसले.

"आई," ती म्हणाली, "पण मी असं कधीच करत नाही. भराभर खाते आणि बंद करते वगैरे. हे तुला कुठून सुचलं?"

काय सांगणार होते मी? एप्रिलमध्ये माझी कल्याणहून ठाण्याच्या ऑफिसात बदली झाली. इथल्या सगळ्या जणी खिडकीजवळच्या टेबलाशी जमतात. मी माझ्या टेबलावर आवक रजिस्टर बाजूला सारते आणि डबा उघडते. हे मी घरी कोणाला बोलले नव्हते. स्वतःशीसुद्धा नाही.

"असंच सुचलं गं," मी म्हटलं. पण आवाज जरा घसरला, आणि दोघींनाही तो ऐकू गेला.

मॅडमनी आधी जिन्यावर चौघींना बसायची परवानगी दिली. मग भेटींच्या वेळांचं रजिस्टर पुढे ओढलं. "गुरुवारी चार वाजता जमेल?"

"ओवीला ना? जमेल की."

"ओवी उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझं नाव लिहिलं. इयत्तेच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"पाचवी लिहा, मॅडम," ओवी म्हणाली. "नवीन आहे ती."