एमिलियाबाईंचा मेणाचा हात

ठाण्याचा सेलेस्टीन कल्याणच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा, पण हंगामी. १९९३च्या मार्चात त्याला तज्ज्ञांसमोर पाठ द्यायचा होता. रंगला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. विषय आला, डीएनएची नक्कल करणारं एंझाइम.

या एंझाइमचा आकार हातासारखा. बोटं डीएनएच्या साखळीसाठी नवं अक्षर आणून देतात, तळवा ते साखळीला जोडतो, अंगठा साखळी धरून ठेवतो. दाखवायला हात हवा, आणि कॉलेजच्या कपाटात होता फक्त बाटलीतला बेडूक. घरात मात्र मेणाचा सुरेख हात होता. आई एमिलियाचा शिवणकामाने डावा हात दुखे, म्हणून येत्या रविवारी बांद्र्याच्या मोतमाउलीला नवसाचा वाहायला तिने तो आणला होता.

"आय, एक दिवस दे ना."

"मावलीची वस्तू बेडकाशेजारी ठेवशील, मेल्या!" म्हणत तिने दिला.

पाठाच्या दिवशी सेलेस्टीनने हात वर्गातल्या टेबलावर ठेवला, नेमका खिडकीच्या उन्हात. बोटं सांगून झाली, तळवा झाला. अंगठ्यापाशी आला, तर अंगठा वितळून लोंबत होता. त्यात साखळी म्हणून अडकवलेला मण्यांचा दोरा घसरून खाली पडला. मुलं खिदळली.

"अंगठा सैल झाला की असंच होतं," तो घाईने म्हणाला, "साखळी निसटते."

"आणि हा डावा हात आहे," तज्ज्ञबाई म्हणाल्या. "एंझाइम उजव्यासारखं दिसतं."

सेलेस्टीनला मेणापेक्षा जास्त घाम फुटला. त्याने मेणाचा हात बाजूला सारला, स्वतःचा उजवा पुढे केला आणि दोऱ्यात मुद्दाम चुकीचा मणी ओवला.

"चूक झाली की तळवा अडखळतो. मग साखळीचं टोक शेजारच्या वेगळ्या भागात जातं. तो जोडत नाही, तोडतो."

शिवताना आई तोडायची तसा त्याने दोरा दातांनी तोडला, मणी थुंकला, बरोबर मणी ओवला. "बाई, माझी चूकही अशीच काढून टाकली."

बाईंना हसू आवरेना. नोकरी कायम झाली.

घरी एमिलिया लोंबत्या अंगठ्याकडे बघत राहिली. "मावलीला काय सांगू आता? माझा अंगठा पन वाकडा कर?"

"आय, पण नोकरी लागली!"

"लागनारच. हात कोनाचा होता?" तिने वाकडा हात कागदात गुंडाळला. "आता नोकरीचा उजवा हात तू आन. आनि तो कॉलेजात नाय न्यायचा. सरळ मावलीकडं."