माझ्या नावानं लागलेली नोकरी

माझा साडभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. पण त्याची बायको माझ्या बायकोची थोरली बहीण. म्हणून सासुरवाडीत तो मोठा जवाई, आणि मी डोक्यावरचा शेवटचा केस पांढरा झाला तरी लहान जवाई. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की सगळे पाहुणे गोळा होतात. पहिला पाट त्याचा, पहिलं पाणी त्याला. मटणातली नळी तर वाढणाऱ्याच्या हातातून आपणहून घरंगळत त्याच्या ताटात जाते. मला रस्सा. एका वर्षी त्या रश्श्यात मी तासभर बोटं फिरवली, शेवटी एक तेजपान लागलं.

त्यात तो राजुऱ्याला राहणारा, कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्याला माणसं पुरवणारा ठेकेदार. पांढरी गाडी, दोन मोबाइल. आणि मी मूलच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर. धानाचा ट्रक मोजायचा, चिठ्ठी फाडायची.

जळणारा माणूस निंदा करतो. मी उलटं केलं. गावात त्याची स्तुती करत सुटलो, कारण त्याच्या उंचीत माझीही दोन बोटं वाढत होती. त्याच्या बायकोची वांग्याची पिशवी स्टेशनवर राहिली म्हणून त्यानं एका फोनवर कोळशाची मालगाडी मागं बोलावली, हे मी सांगितलं. त्याची गाडी दिसली की ताडोबाचा वाघ रस्त्याच्या कडेला उभा राहतो, हेही मीच सांगितलं. कारखान्याची चिमणी त्याला विचारल्याशिवाय धूर सोडत नाही, हे तर इतक्या वेळा सांगितलं की पुढं मलाच खरं वाटू लागलं. पंचाईत अशी, की खऱ्या साडभावावर जळणं झेपत होतं. मी बनवलेला साडभाऊ मात्र मलाच झेपेना. त्या चिमणीच्या धुराकडं पाहून माझ्या पोटात आग पडायची.

एकदा पानठेल्यावर शेजाऱ्यानं विचारलं. हा आमच्याच मिलमध्ये पोती शिवायचा.

"भाऊ, साडभाऊ एवढे मोठे, मंग तुमी काऊन नाई लागत तिकडं?"

"अरे, तो रोज फोन करून राह्यला. मीच नाई म्हणून राह्यलो. सिमेंटची धूळ आपल्याले जमत नाई."

"मंग मले लावून द्या ना."

"जा तू. माझं नाव सांगजो. फक्त नाव. बाकी बोलाचं कामच नाई."

हे बोलून मी त्याच्याच पैशाचा सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला आणि विसरलो.

पुढं मालकानं मिल विकली. नव्या मालकानं कुलूप लावलं. पोरीच्या नर्सिंगची दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती. दोन महिने मी घरात बसून छताची कवेलू मोजली. शेजारच्या दारालाही कुलूप होतं. मला वाटलं, गेला असेल तेलंगणात मिरच्या तोडायला. शेवटी बायको म्हणाली, "ताईच्या घरी जा. भाऊजीले साधं सांगा, काम पाहिजे अन् पोरीच्या फीपुरते पैसे. वाघ-गिघ आणू नका मधात."

नव्या तांदळाची थैली घेऊन दोन बसा बदलून राजुऱ्याला पोचलो. मेहुणी थैलीकडं पाहून म्हणाली, "काऊन आणले हो? यांची शुगर वाढली, भात बंद आहे." शुगर मलाही आहे. पण माझी शुगर गरिबाची, तिच्यासाठी कोणी भात बंद करत नाही.

साडभाऊ बाहेर आला. चहा आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "तुमचा माणूस बरा निघाला हो."

"कोणता माणूस?"

"काट्यावरचा. महिना झाला लागून. आला, तुमचं नाव सांगितलं. जागा एकच होती. म्हटलं, तुमचा शब्द कसा मोडू?"

चहा माझ्या घशातून थेट कानात गेला. पोती शिवणारा! काटा ही माझी विद्या. ट्रक फाटकातून आत येताना नुसत्या टायरच्या आवाजावरून मी वजन सांगतो, आणि ते चुकलं तर काटा दुरुस्तीला पाठवावा लागतो. तिथं तो बसला, तोही माझ्या नावावर! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाची किंमत झाली, तीही दुसऱ्यानं वटवली.

"अन् मी?" तोंडातून निघून गेलं.

"तुमाले कुठी गरज? तोच म्हणे, धुळीपायी तुमी नाई म्हणता. म्हणे, मी तुमाले रोज फोन करतो." साडभाऊ हसला. वाईट नाही, सरळ हसला. "मी मोबाइलमध्ये पाह्यलं. तुमचा नंबर माझ्याजवळ नाईच."

दोन मोबाइल, आणि दोन्हींत मी नाही.

"मिल बंद झाली," मी म्हटलं. "काम पाहिजे. पोरीची फी भराची आहे." एवढं बिनफोडणीचं वाक्य मी आजवर कधी वाढलं नव्हतं.

तो आत गेला आणि फीचे पैसे घेऊन आला. न मोजता दिले. ते न मोजणंही मला लागलंच. मग बराच वेळ तो कपातला चमचा फिरवत बसला, बिनसाखरेच्या चहात.

"जागा आहे एक. काट्यावरच. पण हेल्परची, त्याच्या हाताखाली. आता तुमाले कसं म्हणू?"

"म्हणून पाहा," मी म्हटलं.

दीड वर्ष झालं. पोरगी तिसऱ्या वर्षाला गेली. ट्रक आला की उन्हात उभा राहून मी हात हलवतो, "घे पुढं, घे, बस." आत केबिनमध्ये तो पोती शिवणारा बटण दाबतो. अजून दोन बोटांनीच टाइप करतो, आणि पगार माझ्या दीडपट. साडभावावर जळायला आता मला फुरसतच मिळत नाही. सगळं सरपण त्या केबिनमध्येच खपतं. कॉम्प्युटर तापू नये म्हणून तिथं एसी आहे. दर ट्रकमागं ड्रायव्हरची चिठ्ठी द्यायला मी दार उघडतो आणि जरा रेंगाळतो.

"दार लावा भाऊ, हवा जाते," तो म्हणतो.

मी लावतो. आतून.