आत्यानं काढलेले गाल

माझ्या आत्याला जगातला कुठलाही माणूस उपाशी बघवत नाही, कागदावरसुद्धा नाही. शहापूरजवळच्या कला महाविद्यालयात ती मला प्रवेश घेऊन द्यायला म्हणून किन्हवलीहून आली आणि पिशवीतून स्वतःचा दहावीचा दाखला काढून माझ्याच वर्गात बसली. तिच्या दोन्ही मुलींची लग्नं झाली होती. "आता माजी पाळी," म्हणाली.

स्थिरचित्रासाठी सरांनी मांडलेली केळी तिनं पहिल्याच दिवशी वर्गाला वाटून टाकली. काळी पडली असती, एवढंच तिचं म्हणणं. समोर बसलेल्या माणसाला गाव, लेकरं आणि गुडघेदुखी विचारल्याशिवाय तिची पेन्सिल हलायची नाही. खर्डीचे एक म्हातारे बाबा आमच्यासमोर मॉडेल म्हणून बसत. अंगानं अगदी वाळलेले. आत्याच्या कागदावर मात्र ते लग्नातल्या व्याह्यासारखे गुबगुबीत दिसायचे. सर डोक्याला हात लावायचे. "अहो, हे गाल कुणाचे?"

"जेवल्यावरचे," आत्या सांगायची.

त्या गालांपायी ती पहिल्या वर्षी रेखाटनात नापास झाली. घरी येऊन तिनं ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर टाकला. फेरपरीक्षेला मीच तिला ओढून नेलं. समोर तेच बाबा. सुरुवात व्हायच्या आधी आत्यानं पिशवीतून त्यांचं जुनं चित्र काढून त्यांना दाखवलं. त्यांनी तरी कौतुक करावं, असं तिला वाटलं असणार. बाबांनी ते लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"बाय, चांगला हाय. पन हा मी नाय गो."

आत्यानं ते चित्र पिशवीत परत ठेवलं. त्या दिवशी तिनं ना गाव विचारलं, ना गुडघे. नुसती बघत राहिली आणि काढत राहिली. बसलेले गाल, गळ्याच्या शिरा, सगळं. मधेच पदरानं डोळे पुसले. संपल्यावर बाबा उठून आले, कागदावर वाकले आणि खुदकन हसले.

"हां, आता मी आलो."

आत्या पास झाली. त्या दिवशी आपला डबा मात्र तिनं बाबांना खायला घातलाच.

आता आमचं शिक्षण संपलंय. मी कल्याणला एका दुकानात वाढदिवसाच्या बॅनरांवरचे चेहरे उजळत बसते. पेन्सिल हाती येत नाही. आत्या दुपारी ओटीवर आपल्या सासूबाईंना समोर बसवून चित्र काढते. परवा फोनवर म्हणाली, "आमची म्हातारी काय बोलते ठाव हाय? जल्मात पयल्यांदा कोनी मला नुस्तं बस म्हनलं."

तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "हालू का गो आता?"

"नाय, बसा अजून," आत्या म्हणाली.