पाण्याकडे बघणारा नावाडी

नव्वदच्या दशकात माझी लखनौला बदली झाली. हिवाळ्यात दर रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन गोमतीवर जायचो, मासे पकडणाऱ्या गरुडांचे फोटो काढायला. नावाडी ठरलेला असायचा, पन्नाशीचा, कानाला मफलर गुंडाळलेला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. साहेबपणा, दुसरं काय!

मी आभाळाकडे बघायचो आणि तो पाण्याकडे. तरी गरुड कुठे झेपावणार हे त्यालाच आधी कळायचं. वल्हं थांबवून तो एक हात पाण्यात सोडायचा आणि हळूच म्हणायचा, "अब लीजिए, साहब."

एकदा पंजात तडफडणारा मासा मला अगदी नेमका टिपता आला. मी खुशीत ओरडलो, "क्या पकड़ है!"

"हमारा भी यही काम है, साहब," तो म्हणाला. "कोई डूब जाए तो लाश निकालने हमीं को बुलाते हैं. बस, इसके हाथ ज़िंदा आता है."

त्याचा हात अजून पाण्यातच होता.

रोल धुऊन आला, तेव्हा फोटोच्या खालच्या कोपऱ्यात तो हातही आला होता, धूसर. अमीनाबादचा फ्रेमवाला म्हणाला, "इतना काट दूँ?"

मी कापू दिला नाही.