सैपाकघराचं दार

बायको गेल्यावर तिची पेटी आवरताना तिच्या छातीचा फोटो हाती लागला. बाहत्तरच्या दुष्काळाआधी नगरला काढलेला.

तेव्हा घागर घेऊन दहा पावलं चालली की ती धापा टाकत बसायची. डॉक्टरनं फोटो काढला, मग अंधाऱ्या खोलीत तिला मशीनपुढं उभं करून मला आत बोलावलं. हिरवट काचेवर तिचं काळीज उडत होतं. इतकी वर्षं संसार केला, पण ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

"उजवा कप्पा फुगलाय," डॉक्टर म्हणाला. "फुप्फुसात रक्त ढकलायला त्याला फार जोर लागतोय."

"म्हंजी चढाला लागलेला बैल."

"अगदी तसंच. घरात चुलीचा धूर होतो?"

"लई. त्यात ही दार लावून सैपाक करती, कुत्री शिरत्यात म्हणून."

"मग आधी त्या बैलाचा चढ कमी करा."

घरी आलो आणि पहार घालून सैपाकघराचं दार बिजागरीसकट काढलं. बायको कावली. "आता कुत्र्यांना पाट मांडा, अन् वाढायला तुमीच बसा!"

शेजारची म्हातारी म्हणाली, "काय रं, घराचं शिंगणापूर केलंस व्हय?"

मी खरंच बसलो. ती भाकरी थापेस्तोवर रोज उंबऱ्यावर काठी घेऊन. गाव मला बायकोचा बैल म्हणायला लागलं. म्हणू दे. ती पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि रोज भांडली.

आता घरात गॅस आहे. सून म्हणते, दार बसवू. मी नको म्हणतो. कुत्री आत येतात, अन् मीच त्यांना भाकरी वाढतो.